वायफाय बसवून झाल्यावर

राऊटरवरचा लॉसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा लाल दिवा विझला आणि पॉनचा, म्हणजे फायबर जोडल्याचा हिरवा एकसारखा लागला की आमचं काम तसं संपलं. मग नाव-पासवर्ड टाकून द्यायचा, घरातल्या दोन-चार फोनांना जोडून दाखवायचा, स्पीड टेस्ट करायची, तोवर चहा आलेला असतो. आणि चहाच्या वेळेलाच तो प्रश्न येतो. पोरं आतल्या खोलीत गेली की आवाज जरा खाली आणून विचारतात, "भाऊ, ते नको नको ते बंद करून देता येतंय काय ओ?" फुलेवाडीत विचारतात, कळंब्याला विचारतात, राजारामपुरीतल्या मोठ्या फ्लॅटमध्ये विचारतात आणि उचगावातल्या दोन खोल्यांच्या घरातही विचारतात. बहुतेक वेळा आई विचारते. बाप विचारणार असला तर आधी "आमचा पोरगा तसला नाही, पण आपलं असू दे" असं म्हणून घेतो आणि मग विचारतो.

मी आधी केबल टीव्हीच्या वायरी ओढायचो, आता फायबर ओढतो, म्हणजे लोकांच्या घरात काय शिरतंय त्याचा रस्ता बरीच वर्षं माझ्याच हातनं तयार होतोय. त्यामुळं हा प्रश्न मला टाळता येत नाही आणि टाळावासा वाटतही नाही. चहा संपेपर्यंत जेवढं सांगता येतं तेवढं सांगतो, पण ते पुरत नाही हे मला दरवेळी दारातनं बाहेर पडताना कळतं, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढायला बसलोय.

आधी जे खरंच करता येतं ते सांगतो. आपण फोनवर साईटचं नाव टाकतो पण फोनला नावावरनं तिथं जाता येत नाही, त्याला नंबर लागतो, म्हणून तो आधी एका सर्व्हरला विचारतो की ह्या नावाचा पत्ता काय. ह्याला डीएनएस म्हणतात. गंगावेशीत उतरून पानपट्टीवर अमक्याचं घर कुठं म्हणून विचारावं तसंच. आता त्या पानपट्टीवाल्यानंच ठरवलं की वाईट ठिकाणचा पत्ता कुणाला सांगायचा नाही, तर नवखा माणूस तिथं पोचणार कसा? क्लाउडफ्लेअर नावाच्या कंपनीनं १ एप्रिल २०२० ला ही सोय फुकट सुरू केली. १.१.१.२ टाकलं तर व्हायरसच्या साईट अडतात, १.१.१.३ टाकलं तर त्यांच्यासोबत अश्लील साईटपण अडतात, आणि जोडीचा दुसरा नंबर १.०.०.३. राऊटरच्या सेटिंगमध्ये डीएचसीपीच्या पानावर डीएनएसचे दोन रकाने असतात, त्यात हे टाकून सेव्ह केलं की घरातले सगळे फोन, लॅपटॉप, टीव्हीसुद्धा त्यालाच पत्ता विचारायला लागतात. पैसे लागत नाहीत, स्पीड कमी होत नाही. पोरांना वाटतं इन्कॉग्निटो केलं की सुटलो, तर तसं नाही, इन्कॉग्निटोमुळं फक्त फोनात हिस्ट्री राहत नाही, पत्ता तर विचारावाच लागतो.

एवढं केलं की लोक खूश होतात. पण मी तिथं थांबत नाही, कारण वायफाय बंद करून सिमचं नेट चालू केलं की माझ्या राऊटरचा आणि त्या फोनचा संबंध संपला. त्यासाठी फोनातच सेटिंग करावं लागतं. अँड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनांत नेटवर्कच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" म्हणून एक जागा आहे, तिथं फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर डॅश डीएनएस डॉट कॉम असं नाव टाकायचं, मग सिमचं नेट असो नाहीतर शेजाऱ्याचं वायफाय, फोन कुठंही गेला तरी तीच चाळण लागू राहते.

आणि राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, ही माझी कळकळीची विनंती आहे. कित्येक घरांत तो बसवला त्या दिवशीचाच असतो, पासवर्डच्या जागी ॲडमिनच, आणि तो पोरांना यूट्यूबवर दोन मिनिटांत सापडतो. मागं टाचणीनं दाबायचं रिसेटचं भोक असतं, ते दाबलं की आम्ही केलेलं सगळं पुसलं जातं आणि नेटपण बंद पडतं, त्यामुळं "आपोआप बंद पडलं" असं सांगून पोरानं फोन केला तर आम्हाला अंदाज येतोच. अजून एक, राऊटरवर वेळ लावता येते, की अमुक फोन रात्री दहानंतर चालायचा नाही. पण अलीकडचे फोन, म्हणजे साधारण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनात आयओएस १४ पासून, वायफायला स्वतःचा खरा मॅक नंबर, म्हणजे फोनचा ओळख नंबर, देतच नाहीत, बनावट नंबर देतात, आणि तो बदलला की राऊटरला तो नवाच फोन वाटतो आणि वेळेची अट निसटते. घरच्या वायफायच्या नावावर जाऊन तिथं "फोनचा मॅक वापरा" असं करून ठेवायचं. हे सांगणारं कुणी भेटत नाही, लोक म्हणतात वेळ लावली होती पण चालत नाही, आणि सोडून देतात.

आता जे होत नाही ते. यूट्यूब हे माझ्या राऊटरला एकच नाव दिसतं. त्यात दहावीच्या भूमितीचा व्हिडिओ पण आला आणि अंगावर काटा येईल असला पण आला. इन्स्टा एकच नाव, व्हॉट्सॲप एकच नाव. आत काय चाललंय ते राऊटरला दिसत नाही आणि दिसूही नये, तुमची बँक पण त्याच वायरीतनं जाते. सरकारनं २०१५ मध्ये ८५७ अश्लील साईट बंद करायला सांगितलं होतं, परत २०१८ मध्ये कोर्टाच्या आदेशावरनं ८२७. आमच्या धंद्यातल्या सगळ्यांना ते माहीत आहे. आणि त्या साईटवाल्यांनी नावाचं शेपूट बदलून परत दुकान कसं मांडलं तेपण माहीत आहे. तेव्हा यादीच्या जिवावर निवांत बसता येत नाही. दार अडवलं म्हणून घर राखलं असं होत नाही, आणि हे सांगताना समोरच्या बाईचा चेहरा उतरतो ते बघवत नाही.

ह्याहून मोठी गोष्ट मला घरोघरी दिसते ती म्हणजे पोराच्या फोनात बापाचा जीमेल. फोन नवा घेतला, दुकानदारानं विचारलं मेल आयडी कुठला टाकू, बापानं आपला सांगितला. झालं. आता त्या चौथीतल्या पोराला यूट्यूब चाळीस वर्षांचा बाप्या समजतंय आणि चाळीस वर्षांच्या माणसाला जे दाखवायचं ते त्याला दाखवतंय. वर बापाचं यूपीआय, बापाचे फोटो, सगळं त्याच खात्यावर. मुलाचं वेगळं खातं काढा, खऱ्या जन्मतारखेचं, गूगलचं फॅमिली लिंक ॲप आहे ते आपल्या फोनात घ्या, मग त्यानं कुठलं ॲप टाकायचं ते तुमच्या परवानगीनं होतं, झोपेची वेळ लावता येते. इन्स्टावर पण तसंच. त्यांनी २०२४ च्या सप्टेंबरमध्ये अठराच्या आतल्यांसाठी टीन अकाउंट आणलं, २०२५ मध्ये आपल्याकडं आलं, त्यात खातं आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणूस मेसेज करू शकत नाही, रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद, आणि सोळाच्या आतल्याला हे सैल करायचं तर आईबापाची परवानगी लागते. चांगली सोय आहे. पण ती सगळी जन्मसालावर उभी आहे. पोरगी तेरा वर्षांची आणि खात्यावर सन २००१, तर ती सोय तिच्यासाठी नाहीच. आणि ते २००१ बऱ्याच वेळा मोठ्यांनीच टाकून दिलेलं असतं, "लहान वय टाकलं तर घेत नाही" म्हणून. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळाच्या आतल्यांची सोशल मीडियाची खाती बंद केली, आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्याला मूल धरतो आणि त्याची माहिती घ्यायची तर पालकांची संमती लागेल म्हणतो. कायदे येतायत, येऊ देत, मला बरंच वाटतं. पण आपण घरातच खोटी तारीख टाकली तर कायदा कुणाला ओळखणार?

आता घरातली एक गोष्ट सांगतो. जिची आहे तिला विचारून सांगतोय, आणि काही तपशील तिच्याच म्हणण्यावरनं गाळलेत.

आमचं घर शिवाजी पेठेत, एकत्र. आई, थोरला भाऊ-वहिनी, त्यांची दोन पोरं, आम्ही. पुतणी तेव्हा नववीत होती, ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायची, अजूनही वाजवते. पथकाच्या पेजवर मिरवणुकीचे फोटो असतात, सगळ्यांना दिसतील असे, त्यात तिचा एक फेटा बांधलेला फोटो होता. एका खात्यावरनं तिला मेसेज आला, नाव मुलीचं, शहरातल्याच दुसऱ्या शाळेतली, फुटबॉल खेळते वगैरे. चार-आठ दिवस छान गप्पा. मग एका दुपारी त्या खात्यानं तिचा तोच फेट्यातला चेहरा कापून भलत्याच उघड्या अंगावर लावलेला फोटो पाठवला. आता असले फोटो करून देणारी ॲप निघालीत, काही शिकावं लागत नाही. आणि खाली लिहिलं होतं, खरा फोटो पाठव, नाहीतर हा तुझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकतो.

ती बापाकडं गेली नाही, आईकडं गेली नाही, माझ्याकडंपण आली नाही, आणि घरात इंटरनेटचा माणूस मी. ती आज्जीकडं गेली. आई सोप्यात मेथी निवडत बसली होती. पोरगी शेजारी बसली, चार काड्या निवडल्या आणि फोन पुढं धरला. आईला चष्म्याशिवाय काही दिसेना, चष्मा आणायला लावला, बघितलं. पोरीनं विचारलं, "आज्जी, तू बाबांना सांगणार नाहीस न्हवं?"

आई म्हणाली, "सांगणार की. पर तुझ्या बाजूनं सांगणार."

मी हे वाक्य तेव्हापासनं कितीतरी घरांत सांगितलंय. ह्या सगळ्या विषयात मला ह्याच्यापेक्षा कामाचं काही सापडलेलं नाही.

संध्याकाळी थोरला घरात आला, आईनं सांगितलं, आणि कुठल्याही बापाच्या तोंडून जे पहिलं निघतं तेच त्याच्या तोंडून निघालं, "आण तो फोन हिकडं." आई म्हणाली फोन तिच्यापाशीच राहू दे, तिनं काय केलंय? थोरला बसला खाली. रागानं त्याचे हात थरथरत होते, पण बसला. मला वाटतं तिथंच ती पोरगी वाचली, पोलीस-बिलीस नंतरचं. कारण हा धंदा करणारा माणूस एकाच गोष्टीवर जगतो, की पोरगी घरात सांगणार नाही. सांगितलं तर मार बसेल, फोन जाईल, पथक बंद होईल, शाळा बदलेल, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. म्हणून तो पहिल्यांदा हेच लिहितो की कुणाला सांगू नकोस. आणि आपण घरात रोज उठून त्याचंच काम सोपं करत असतो. "असलं काही केलंस तर बघ, फोन फोडून टाकीन" हे वाक्य ज्या पोरानं दहा वेळा ऐकलंय, ते पोरगं अडकल्यावर तुमच्याकडं कशाला येईल?

मग आम्ही काय केलं ते सविस्तर लिहितो, कारण त्या क्षणी डोकं चालत नाही आणि बरेच जण पहिल्या झटक्यात सगळं डिलीट करतात. डिलीट करायचं नाही. आधी सगळ्या गप्पांचे स्क्रीनशॉट घेतले, तारीख-वेळ दिसेल असे, त्या खात्याचं नाव, त्याची लिंक, सगळं. फक्त तो फोटो इकडं-तिकडं फॉरवर्ड करायचा नाही, अगदी नातेवाइकाला दाखवायला म्हणून पण नाही, मुलाचा असला फोटो पसरवणं हाच आयटी कायद्याच्या कलम ६७बी खाली गुन्हा आहे, मग पाठवणारा काका असो नाहीतर मामा. त्याला उत्तर दिलं नाही, शिव्या पण दिल्या नाहीत, थोरल्याचे बोट शिवशिवत होते तरी. पैसे मागितले असते तरी दिले नसते, एकदा दिले की मागणं थांबत नाही. स्क्रीनशॉट झाल्यावर इन्स्टावर रिपोर्ट केलं, मग ब्लॉक. सायबर क्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली, तिथं महिला आणि मुलांच्या गुन्ह्यांचा वेगळा भाग आहे आणि नाव न देता पण तक्रार करता येते, आम्ही नाव देऊन केली. पैशाची फसवणूक झाली असती तर आधी १९३० ला फोन करायचा, जितका लवकर तितके पैसे अडकवता येतात. मुलांसाठी १०९८ आहे, चोवीस तास.

आणि एक गोष्ट आपल्याकडं फार कमी जणांना माहीत आहे. अमेरिकेत हरवलेल्या आणि छळ झालेल्या मुलांसाठी काम करणारी एक संस्था आहे, तिनं २०२३ च्या फेब्रुवारीत "टेक इट डाउन" नावाची सोय सुरू केली, जगातल्या कुठल्याही अठराच्या आतल्या मुला-मुलीसाठी, फुकट, नाव न देता. त्यात फोटो कुठं पाठवावा लागत नाही, फोटो फोनातच राहतो, त्याच्यावरनं फोनातच एक लांबलचक आकडा तयार होतो आणि फक्त तो आकडा त्यांच्याकडं जातो. इन्स्टा, फेसबुक, स्नॅपचॅट अशा ज्या कंपन्या त्यात आहेत त्या तोच आकडा असलेला फोटो आपल्याकडं आला की ओळखतात आणि काढतात. व्हॉट्सॲपवर एकमेकांना पाठवलेलं त्यात धरलं जात नाही, ही त्याची मर्यादा. अठराच्या वरच्यांसाठी "स्टॉप एनसीआयआय" नावाची अशीच सोय आहे. पुतणीनं ते स्वतः केलं, मी फक्त शेजारी बसलो होतो. फोटोकडं न बघता.

वहिनीला सगळ्यात भीती होती ती बदनामीची. पोलिसांत गेलं की पेठेत चर्चा होणार. पण मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा, २०१२ चा, त्यात मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला नाहीतर दाखवायला बंदीच आहे, हे तिला समजावून सांगितल्यावर ती जरा सावरली. ते खातं बंद झालं. शाळेच्या ग्रुपवर काही आलं नाही. पुतणीनं त्या गणपतीत ताशा वाजवला. पथकाच्या पेजवर आता पोरापोरींचे जवळून काढलेले फोटो टाकत नाहीत, लांबून सगळं पथक दिसेल असे टाकतात, एवढं मात्र थोरल्यानं तिथं बसून ठरवून घेतलं. आपणपण कौतुकानं वाढदिवसाचे, गॅदरिंगचे, पोहायच्या तलावावरचे फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकतो, ते जरा आवरायला पाहिजे असं मला फार वाटतं.

घरातली माणसं म्हटलं की सगळे पोरांचाच विचार करतात. पण माझ्या अनुभवात घरात सगळ्यात उघड्यावर असतात ते म्हातारे. त्यांचा फोन कुणी तपासत नाही. एपीके म्हणजे फोनात ॲप बसवणारी फाईल, हे त्यांना माहीत नसतं आणि लग्नसराईत व्हॉट्सॲपवर "लग्नपत्रिका" म्हणून एपीके फाईल येते, लग्नपत्रिका म्हटल्यावर आपल्याकडं कोण उघडणार नाही? उघडली, परवानग्या दिल्या, की फोनातले ओटीपीचे मेसेज दुसरीकडं जायला लागतात. दंडाच्या चलनाच्या नावानं पण तसंच. मग ते डिजिटल अरेस्ट, पोलिसाचा वेश घालून व्हिडिओ कॉल, तुमच्या नावावर पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलंय, कॅमेऱ्यासमोरनं हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. पंतप्रधानांना २७ ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये ह्यावर बोलावं लागलं, की कायद्यात असली अटकच नाही. बघा, इथंपण तेच, कुणाला सांगायचं नाही. नववीतल्या पोरीला जे सांगितलं तेच सत्तर वर्षांच्या रिटायर मास्तरला सांगतात. आणि म्हाताऱ्या माणसालापण पोराला सांगायची भीती वाटते, पोरगं म्हणणार, कळत नाही तर कशाला फोन घेऊन बसता. हे आपण फार सहज बोलून जातो.

दुसरं, ज्याला आपण घाण म्हणत नाही पण जी घाणच आहे, ती अफवा आणि द्वेष. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं जमावानं ठेचून मारली. पोरं पळवणारी टोळी आलीय, ह्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अफवेवरनं. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागून पोट भरणारी. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. ती पाचची मर्यादा कशामुळं आली हे आता किती जणांना आठवतं कुणास ठाऊक. आणि आपल्या कोल्हापुरात ७ जून २०२३. व्हॉट्सॲपवरच्या आक्षेपार्ह स्टेटसवरनं बंद पुकारला, शिवाजी चौकात जमाव, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. आमच्याकडं दिवसभर फोन चालू होते, नेट कधी येणार, ऑफिसचं काम अडलंय, पैसे जात नाहीत. ज्या स्टेटसवरनं हे पेटलं त्या प्रकरणात अल्पवयीन पोरंपण सापडली होती. शाहू महाराजांच्या गावात हे झालं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. त्या पोरांच्या राऊटरवर १.१.१.३ टाकलं असतं तरी काही अडलं नसतं, कारण ते कुठल्या साईटवर गेलेच नव्हते, ते त्यांच्या हातात कुणीतरी आयतं आणून दिलं होतं, आणि तालमीच्या कट्ट्यावर, घरात, कुणी त्यांना विचारलं नव्हतं की काय ठेवलायस रे स्टेटसला. हातात कोयता घेऊन रील करणाऱ्या पोरांचं तसंच. पोलीस उचलतात, माफी मागायला लावतात, त्याचं परत रील होतं. त्या पोराचं रील घरातल्या कुणी आधी बघितलेलं असतं का? बहुतेक नाहीच, आणि मित्र मात्र सगळे बघत असतात, बदाम टाकत असतात.

घरात मी सगळ्यांच्या फोनात दोन-तीन बारीक गोष्टी करून दिल्यात त्या सांगून टाकतो. व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीमध्ये "ग्रुप" म्हणून आहे, तिथं फक्त ओळखीच्यांनाच ग्रुपमध्ये घेता येईल असं करायचं, नाहीतर कुणीही उचलून शेअर बाजाराच्या नाहीतर भलत्या ग्रुपमध्ये टाकतं. अनोळखी नंबरचे कॉल गप्प करायचीपण सोय तिथंच आहे. आणि फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड व्हायचं बंद करायचं. आईच्या फोनात हे केल्यावर गॅलरीतले गुड मॉर्निंगचे डोंगर कमी झाले, पण माझा हेतू वेगळा होता. अपघाताचे, मारहाणीचे, मेलेल्या माणसांचे व्हिडिओ न मागता तिच्या फोनात येऊन बसायचे आणि तिच्या मांडीवर खेळणारं नातवंड ते गॅलरीत उघडून बघायचं. साईटवर जायची गरजच नव्हती.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, कडेगाव तालुक्यात. तिथं २०२२ मध्ये गावानं ठरवलं की संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात, बाकीचे एकमेकांशी बोलतात. देशभर बातम्या झाल्या. मला त्यात सगळ्यात जास्त काय पटलं तर भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, बायकांच्या मालिकांसाठीपण आणि बाप्यांच्या मोबाईलसाठीपण. आपल्याकडं नियम फक्त पोरांना असतात. बाप जेवताना रील बघतो, आवाज न बंद करता, आणि पोराला म्हणतो फोन ठेव. पोरगं फोन ठेवतं पण मनात काय ठेवतं ते कधी कळत नाही.

त्यामुळं आता चहा पिताना माझं बोलणं जरा लांबतं. सेटिंग करून देतोच, त्याचे पैसे घेत नाही. पण सोबत घरातल्या सगळ्यांना बोलवायला सांगतो, आज्जी-आजोबांनापण, पोरांसमोरच सांगतो की हे काय केलंय आणि कशासाठी केलंय. लपून केलेलं सेटिंग पोरांना सापडतंच आणि मग त्यांना वाटतं आपल्यावर पाळत आहे. सगळ्यांसमोर सांगितलं की ते चिडतात, पण विचारतात तरी. परवा मंगळवार पेठेत एका सातवीतल्या पोरानं मला तोंडावर विचारलं, "काका, व्हीपीएन टाकलं तर हे चालतंय काय?" त्याच्या आईनं डोळे वटारले. मी म्हटलं नाही चालत, व्हीपीएन टाकलंस तर तुझा फोन माझ्या राऊटरला न विचारता दुसरीकडनंच पत्ता घेणार, आणि फुकटचं व्हीपीएन चालवणारा तुझं काय काय बघतो ते तुला कधी कळणार नाही. ते पोरगं विचारात पडलं. मग आईला म्हटलं, त्यानं विचारलं हे चांगलं झालं, त्याला त्याबद्दल रागवू नका. राऊटरवर मी मार्करनं १९३० आणि १०९८ लिहून देतो, रिचार्जच्या तारखेच्या खाली.

आमच्या घरात सध्या धाकट्या पुतण्याचं चाललंय. त्याला येत्या जूनमध्ये तेरा पूर्ण होतायत आणि त्याला इन्स्टा पाहिजे. वहिनी नको म्हणते, पुतणी म्हणते खऱ्या तारखेनं टीन अकाउंट काढून देऊ, लपूनछपून काढण्यापेक्षा ते बरं, मी तिच्या बाजूला आहे. थोरल्यानं अट घातली, रात्री दहाला फोन सोप्यातल्या बोर्डावर चार्जिंगला लावायचा, खोलीत न्यायचा नाही. पोरगं कबूल झालं, पण म्हणालं मग सगळ्यांचेच लावायचे. बोर्डावर सॉकेट तीनच आहेत, तेव्हा मी एक नवीन एक्स्टेन्शन बोर्ड आणून ठेवलाय, सहा जागांचा. थोरला अजून हो म्हणालेला नाही.